सोसा, नाहीतर काढून टाका

इंदूरच्या रामबागेतली किंवा लोकमान्य नगरातली सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची बाई दवाखान्यात निघते तेव्हा तिच्या हातात बहुधा एक कापडी पिशवी असते. आत फायली. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांची एक, छातीत धडधडलं म्हणून काढलेल्या ईसीजीची एक, थायरॉइडची एक, झोप येत नाही म्हणून फिजिशियनने दिलेल्या गोळीची चिठ्ठी, आणि केस गळतात म्हणून आणलेल्या तेलाचं बिल. पाच तक्रारी पाच दारांत गेल्या. पाचही ठिकाणी विचारायचा राहिलेला प्रश्न एकच: पाळी कशी आहे?

चाळिशी ओलांडलेल्या, पाळी जाण्याच्या वाटेवर असलेल्या बाईला आपली व्यवस्था दोनच उत्तरं देते. वाफा (अंगात एकदम उसळणारी आग), झोप, चिडचिड, सांधे याला उत्तर "या वयात व्हायचंच, सोसा". रक्तस्राव वाढला की उत्तर "गर्भपिशवी काढून टाका". या दोहोंच्या मधली वाट वैद्यकशास्त्रात आहे, फारशी महाग नाही आणि बरीचशी जुनीच आहे. पण ती दाखवणं हे कोणाचंच नेमून दिलेलं काम नाही, आणि आमचा आक्षेप नेमका त्याला आहे.

आधी शरीरात काय होतं ते बघू. "हार्मोन कमी झाले" हे वाक्य अर्धंच खरं आहे. पाळी कायमची थांबण्याआधीची साधारण चार वर्षं, काहींची त्याहून बरीच जास्त, इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं मुख्य हार्मोन सरळ उतरत नाही, हेलकावे खातं. एखाद्या महिन्यात ते तरुणपणीच्या पातळीच्याही वर जातं, पुढच्या महिन्यात कोसळतं. त्यातच कधीकधी बीजांड सुटतच नाही. बीजांड सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही, आणि ते नसलं की गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, वेळच्या वेळी गळत नाही. म्हणून दोन महिने पाळीचा पत्ता नसतो आणि तिसऱ्या महिन्यात दहा दिवस गाठी पडतात. वाफांचं मूळ मेंदूत, तापमान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागात आहे. एरवी शरीराचं तापमान थोडं वरखाली झालं तर मेंदू तिकडे लक्ष देत नाही. इस्ट्रोजेन हलू लागलं की ही सवलत आक्रसते. मग चहाचा एक कप, गॅसपुढे उभं राहून भाजलेल्या आठ पोळ्या, एखादा वाद, एवढंही पुरतं. छातीपासून चेहऱ्यापर्यंत आग उसळते, दोन-चार मिनिटांत घाम फुटतो आणि मागाहून थंडी वाजते. रात्री हेच झालं की झोप मोडते, आणि दुसऱ्या दिवशीची चिडचिड "स्वभाव बदलला" या खात्यात जमा होते.

"वर्षभरात जाईल" हे आश्वासनही खोटं आहे. अमेरिकेत हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या 'स्वॉन' या अभ्यासात वारंवार येणाऱ्या वाफांचा मध्यम काळ ७.४ वर्षं निघाला. साडेसात वर्षं कुणाला नुसतं सोसायला सांगणं हा उपचार नव्हे. शिवाय हे 'पन्नाशीचं' प्रकरणही नाही. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे बदल बेचाळिसाव्या-त्रेचाळिसाव्या वर्षी सुरू होतात, जेव्हा घरात कुणाची बारावी असते, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असतं आणि बाईने स्वतःकडे बघावं अशी कुणाची अपेक्षाच नसते.

शहरात आता चाळिशीच्या बायकांसाठी तपासण्यांची पॅकेजेस निघाली आहेत. त्यात एफएसएच असतं, इस्ट्राडिओल असतं, कधी एएमएचही: अंडाशयांचं काम सांगणाऱ्या हार्मोनच्या या रक्ततपासण्या. पंचेचाळिशीनंतर पाळी बिघडली आणि वाफा येताहेत, तर या तपासण्यांची गरज नाही. आज एफएसएच वर दिसेल, तीन आठवड्यांनी नॉर्मल येईल. हेलकावणाऱ्या गोष्टीचा एक फोटो काढून काय कळणार? ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलं आहे. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र एफएसएच हवंच, कारण ते वेगळं दुखणं आहे आणि तिथे बहुतेकींना पन्नाशीपर्यंत हार्मोन देणं गरजेचं असतं. बाकी बायकांनी पैसे खर्चायचे ते हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), उपाशीपोटी साखर, लिपिड (रक्तातली चरबी) यांवर, आणि बीपी तर फुकट मोजून मिळतं. थायरॉइड यात कळीचं आहे: तिच्यानेही घाम, धडधड, थकवा, पाळीचा गोंधळ होतो. आणखी एक स्वस्त तपासणी लाजेने राहून जाते. पाळी चुकली की "गेली" असं गृहीत धरण्याआधी लघवीची कार्डवरची चाचणी करावी. चव्वेचाळिसाव्या वर्षी दिवस राहतात. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवावं, हा नियम किती घरांत माहीत आहे?

खरं निदान भिंतीवर होतं. इंदूरच्या मराठी स्वयंपाकघरात कालनिर्णय असतं, शेजारी अनेकदा लाला रामस्वरूपचं हिंदी कॅलेंडरही. दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख तिथेच लिहितात. त्याच चौकटीत पाळीच्या पहिल्या दिवशी गोल करावा, रोज किती पॅड बदलले तो आकडा लिहावा, गाठी पडल्या तर फुली मारावी, रात्री वाफेने जाग आली तर 'व'. एवढ्या तीन महिन्यांच्या नोंदीचा मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांपुढे ठेवला तर महागड्या पॅकेजपेक्षा जास्त कळतं. दर तासा-दोन तासांनी पॅड भिजतं, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी, सात दिवसांहून जास्त रक्त: यांतलं काहीही सलग दिसलं तर तो 'जास्त' रक्तस्राव. "बरंच जातं" या शब्दांतून डॉक्टरला हे कळत नाही.

शब्दांचा घोळ इंदुरात जरा जास्तच आहे. बाई घरात मराठीत म्हणते, "जीव घाबरा होतो, अंगातून वाफा निघतात, अंगाची लाही होते." डॉक्टरपुढे तिला हिंदीत बोलावं लागतं आणि या सगळ्याचं एकच होतं: "घबराहट होती है." घबराहट ऐकली की डॉक्टर ईसीजी काढतात. तेही चूक नाही. या वयात पहिल्यांदा धडधड झाली तर काढायलाच हवा. पण ईसीजी नॉर्मल आला की "टेन्शन मत लो" आणि एक झोपेची गोळी. वाफ त्या भाषांतरात हरवलेली असते. त्वचेवर मुंग्या चालल्यासारखं वाटणं, लघवी रोखता न येणं, संबंधाच्या वेळी कोरडेपणाने होणारी आग, यांना तर अनेकींच्या हिंदीत शब्दच नसतात. मराठी बोलणारी डॉक्टर मिळाली तर उत्तम. नाहीतर तक्रार जशी मनात आहे तशी मराठीतच कागदावर लिहून न्यावी. इंदूरच्या बहुतेक डॉक्टरांना देवनागरी वाचता येते आणि "गरम वाफ" कळायला मराठी यावं लागत नाही.

आता पिशवीकडे, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ३.३ टक्के स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली निघाली, आणि बहुतेकींनी सांगितलेलं कारण होतं अति रक्तस्राव. याच काळात, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या विम्यापायी झालेल्या अनावश्यक शस्त्रक्रियांवरची याचिका सर्वोच्च न्यायालयात दहा वर्षं चालली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सगळ्या राज्यांना सांगितलं. हे 'तिकडच्या' गरीब बायकांचं प्रकरण आहे असा समज शहरी मध्यमवर्गात आहे. नाही. शहरात फक्त वाक्यं वेगळी असतात.

ती वाक्यं ओळखता यायला हवीत. "पिशवीला सूज आहे." सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'बल्की युटेरस' असं छापून येतं, त्याचा हा मराठी अवतार. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. सूज म्हणजे आजार असा त्याचा अर्थ नाही. "पिशवीच्या तोंडाला जखम आहे." बहुतेक वेळा ती जखम नसतेच, आतल्या बाजूचा लालसर थर बाहेर दिसत असतो. तो कॅन्सर नव्हे, कॅन्सरची सुरुवातही नव्हे. शंका असेल तर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पॅप किंवा एचपीव्ही तपासणी करतात, ऑपरेशन नाही. "गाठ आहे, उद्या कॅन्सर झाला तर?" दोन-तीन सेंटिमीटरची, त्रास न देणारी फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीच्या स्नायूतली साधी गाठ कॅन्सर होण्याची शक्यता नगण्य असते, आणि पाळी गेल्यावर त्या गाठी आपोआप आक्रसतात. म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई ज्या गोष्टीसाठी टेबलावर जाते तिच्यावरचा इलाज कधीकधी दोन वर्षं थांबणं हाच असतो.

थांबायचं म्हणजे रक्त जाऊ द्यायचं, असं नव्हे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, फक्त जास्त रक्त जाणाऱ्या दिवसांत, फार तर चार-पाच दिवस: रक्तस्राव निम्म्याच्या आसपास येतो. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल त्यांनी ही घ्यायची नाही. गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी, जिला सगळे मिरेना या ब्रँडच्या नावानेच ओळखतात (नावाला तांबी, तांबं तिच्यात नसतं), ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन थोडं थोडं सोडत राहते आणि वर्षभरात रक्तस्राव बहुतेकींचा नव्वद टक्क्यांच्या घरात कमी करते. ती फसते ती एका कारणाने. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागत राहतात, हे बसवताना सांगितलेलं नसतं. बाई दुसऱ्या महिन्यात वैतागून काढून टाकते आणि "मला मानवली नाही" म्हणत थेट ऑपरेशनला उभी राहते. तिसरी गोष्ट आपल्याच देशात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत (सीडीआरआय) तयार झालेली ऑर्मेलॉक्सिफेन ही गोळी. सरकारी केंद्रात ती 'छाया' नावाने गर्भनिरोधक म्हणून फुकट मिळते. हेच औषध अति रक्तस्रावावर ६० मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे आणि पुढचे १२ आठवडे आठवड्यातून एकदा असं देतात. फुकटचं औषध कपाटात आहे, पण त्या कपाटावर 'कुटुंब नियोजन' लिहिलेलं असल्यामुळे नसबंदी झालेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला तिथे कुणी पाठवत नाही.

यामागे अर्थकारण आहे, आणि ते कुणा एका डॉक्टरच्या लोभापुरतं नाही. आयुष्मान योजना भरती झालेल्या रुग्णाचा खर्च देते, ओपीडीचा नाही. पिशवी काढायला योजना आहे. हार्मोनची तांबी काही हजारांना, आणि सरकारच्या मोफत यादीत ती नाही, फक्त तांब्याची आहे, जिने रक्तस्राव उलट वाढू शकतो. ऑपरेशन फुकट आणि गोळी पदरची, अशी व्यवस्था केली तर बाईचा नवरा काय निवडेल?

म्हणून सहीच्या आधी तीन गोष्टी मागाव्यात. पंचेचाळिशीनंतर अनियमित किंवा अति रक्तस्राव असेल तर अस्तराचा तुकडा तपासलेला रिपोर्ट; त्याशिवाय ऑपरेशन ठरवणं म्हणजे निदानाआधी शिक्षा. गोळ्या किंवा तांबी देऊन पाहिली का, आणि किती महिने, याची केसपेपरवर नोंद. आणि अंडाशय काढणार की ठेवणार, हे लेखी. "त्यातच तेही काढून टाकू, पुढची कटकट नको" असं सहज म्हटलं जातं. पाळी जायच्या आत दोन्ही अंडाशयं काढली की पाळी एका रात्रीत जाते. वाफा तीव्र येतात, हाडं आणि हृदय यांचा धोका वाढतो. पंचेचाळिशीच्या आत असं करावंच लागलं तर पुढे हार्मोन द्यायचा की नाही हे ऑपरेशनच्या आधी ठरायला हवं, सहा महिन्यांनी वाफा घेऊन आल्यावर नव्हे. कॅन्सर, पेशींतले धोक्याचे बदल, कशालाच न जुमानणारा रक्तस्राव किंवा फार मोठ्या गाठी असतील तर पिशवी काढणं योग्यच, आणि मग उशीर करू नये.

उलट बाजूची चूकही तेवढीच जीवघेणी. पाळी जाऊन पूर्ण एक वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी "परत आली वाटतं" म्हणून हसून सोडायचं नाही. आतली सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतात. ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर बहुधा निर्धास्त, जास्त असेल तर तुकडा तपासायचा. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वेळेत सापडतो तो याच एका डागाने.

आता थोडं आपल्या घरच्या सणांविषयी. महालक्ष्म्या आल्या की मेडिकलवर पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय खपतात. नॉरएथिस्टेरोन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन, तीन दिवस आधीपासून. पंचविशीत एकदा घेतली तर फार बिघडत नाही. पंचेचाळिशीत, बीपी आणि वजन वाढलेलं असताना, गोष्ट वेगळी: या मात्रेत हे औषध शरीरात काही प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढवतं. शिवाय आधीच डळमळलेलं चक्र आणखी विस्कटतं. गौरी विसर्जनानंतर पंधरा दिवस अंगावरून जात राहिलं तर ते आजाराचं की गोळीचं, हे कुणालाच सांगता येत नाही. सोवळ्याचं काय करायचं हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे. पण पंचेचाळिशीच्या बाईला नैवेद्यासाठी गोळी घ्यायला लावण्यापेक्षा त्या वर्षी पुरण सुनेने किंवा मुलाने शिजवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वाफांवरच्या हार्मोनच्या उपचाराचं नाव काढलं की "कॅन्सर होतो" हे ठरलेलं. ही भीती २००२ची आहे. त्या जुलैमध्ये अमेरिकेतला 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा मोठा प्रयोग मध्येच थांबवला गेला आणि जगभर गोळ्या बंद झाल्या. बारकाईने पाहिलं तर दोन्ही हार्मोनच्या त्या प्रयोगातल्या १६,६०८ स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, आणि स्तनांच्या कॅन्सरची वाढ होती दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ८. पिशवी काढलेल्या, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात ती वाढ दिसलीच नाही. त्रेसष्टाव्या वर्षी सुरू करणं आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरू करणं यांत फरक आहे. आज सर्वमान्य भूमिका अशी: साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, वाफा आणि झोपेचा त्रास खरोखर जगणं बिघडवत असेल, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानेही या औषधांवरचा चौकटीतला सर्वांत कडक इशारा काढायचं जाहीर केलं. स्तनांचा कॅन्सर झालेल्या, गुठळी किंवा पक्षाघात झालेल्या, यकृताचा आजार असलेल्या आणि कारण न कळलेला रक्तस्राव असलेल्या बायकांना ही वाट बंद आहे; त्यांच्यासाठी वाफांवर बिनहार्मोनची औषधंही आहेत.

इथे चूक होते ती अशी. पिशवी शाबूत असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर अस्तर वाढून कॅन्सरचा धोका खरंच निर्माण होतो. म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन अनिवार्य: रोज १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले १२ दिवस २००. ते रात्री घ्यायचं, कारण त्याने झोप येते, आणि या वयात तो तोटा नसून नफाच आहे. इस्ट्रोजेन त्वचेवर चोळायच्या जेलमधून घेतलं तर ते आधी यकृतातून जात नाही आणि गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. वर्षातून एकदा फेरतपासणी. तारुण्य टिकवायला, सुरकुत्या घालवायला किंवा 'हृदयासाठी म्हणून' हे विकणाऱ्यांपासून मात्र लांबच राहावं. लघवीची जळजळ आणि कोरडेपणा यांवर तर स्थानिक क्रीम पुरतं: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते जवळजवळ उतरत नाही. वर्षातून चार वेळा ॲन्टिबायोटिक घेणाऱ्या कितीतरी बायकांचा संसर्ग या एका ट्यूबने कमी होईल, पण ती लिहून देताना डॉक्टर आणि मागताना बाई, दोघंही संकोचतात.

गोळ्यांच्या डब्याकडेही एकदा बघायला हवं. सकाळी सहाला चहाबरोबर थायरॉइड, लोह आणि कॅल्शियम एकदम गिळणारी बाई तिन्ही गोळ्यांचे पैसे वाया घालवते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर आणि पुढचा अर्धा ते एक तास चहा नाही. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास दूर. कॅल्शियम दुपारी जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. लोह रात्री, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि हिमोग्लोबिन १२च्या वर गेल्यावरही तीन महिने. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एक अशी आठ आठवडे असते. ती दोन वर्षं दर आठवड्याला खात राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम घातक वाढू शकतं.

जेवणाचं गणित फार सांगत नाही, पण पाळी गेल्यावर कॅल्शियम दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लागतं, आणि २०० मिलिलिटर दुधातून जेमतेम २४० मिळतं. चहात घातलेलं दूध मोजू नये. न सोललेले तीळ दोन मोठे चमचे, कुटून, रोज: संक्रांतीपुरतेच का? सोललेल्या पांढऱ्या तिळात कॅल्शियम फारसं उरत नाही. चतुर्थी, एकादशी, नवरात्र धरून महिन्यात चार-पाच दिवस साबुदाण्यावर काढणाऱ्या बाईने लक्षात ठेवावं की साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य. खिचडीतलं जे काही पौष्टिक ते दाण्याच्या कुटातलं. साठ किलोच्या बाईला रोज किमान पन्नास ग्रॅम प्रथिनं हवीत आणि एका वाटी वरणात पाच-सहाच असतात. गंमत अशी की सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८७पासून इंदूरलाच आहे, माळव्याची शेतं सोयाबीनने भरलेली असतात, आणि मराठी स्वयंपाकघरात त्याचं फक्त तेल येतं. तेलात ना प्रथिनं, ना वाफांवर थोडा उतारा देणारे आयसोफ्लेवोन (सोयाबीनमधली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं). तीस ग्रॅम सोयावडीत पंधरा ग्रॅम प्रथिनं आहेत. आणि "घरात दिवसभर राबते, वेगळा व्यायाम कशाला" याचं उत्तर हाडं देतात: पाळी गेल्यावरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता दहा ते वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणं-बसणं आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं आठवड्यातून दोनदा तरी हवं. नुसतं बागेत फिरणं हाडांना पुरत नाही.

"आमच्या आज्यांना कुठे होतं हे सगळं?" हा आक्षेप नेहमी येतो. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे मान्य. तरी पाळी गेल्यावर पंचवीस-तीस वर्षं जगणाऱ्या बायका तेव्हा आजच्याएवढ्या नव्हत्या. ज्या होत्या त्यांना कुणी विचारलं नाही. पाळी जाणं हा आजार नाही, हे आम्हीही मानतो. बाळंतपणही आजार नाही, पण त्यासाठी कार्ड आहे, लसी आहेत, आशाताई दारात येते. सरकारच्या नोंदीत मात्र बाई ४९ला संपते: कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातली बाईची मुलाखत तिथे थांबते, साप्ताहिक लोहगोळीही तिथेच थांबते.

नवी योजना, नवं नाव, उद्घाटनाची फीत, यांची गरज नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशा जो तपासणी-फॉर्म भरते त्यात कमरेचं माप आहे, बाईच्या कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर. उदास वाटतं का, कशात मन लागत नाही का, हे दोन प्रश्न आहेत. पाळी गेल्यावर रक्त जातं का, हाही प्रश्न आहे, पण कॅन्सरच्या रकान्यात. त्यालाच चाळिशीवरच्या बायकांसाठी तीन प्रश्न जोडावेत: शेवटची पाळी कधी आली आणि किती दिवस होती, वाफांनी झोपमोड होते का, खोकताना-शिंकताना लघवी सुटते का. उत्तर 'हो' आलं तर सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये हिमोग्लोबिन, बीपी, साखर. तिथे ट्रॅनेक्झॅमिक आणि लोह. आणि छायाची गोळी रक्तस्रावासाठीही डॉक्टरच्या सहीने देण्याची मुभा. हार्मोनची तांबी मोफत यादीत घालावी, निदान हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलेल्यांसाठी. एका ऑपरेशनच्या आणि दोन बाटल्या रक्ताच्या खर्चात अशा तांब्या एकापेक्षा जास्त बसतील. आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप खरा आहे, म्हणून या तीन प्रश्नांचा वेगळा मोबदला हवा. कचऱ्याची गाडी रोज गाणं लावून दारात यायला लागली तेव्हा इंदूर ओला-सुका वेगळा करायला शिकलं, भाषणं ऐकून नव्हे.

फक्त एक अट. हे तीन प्रश्न बाईला ओट्यावर, सुनेसमोर किंवा फॉर्मवर अंगठा टेकायला आलेल्या मुलासमोर विचारायचे नाहीत. आत, स्वयंपाकघरात, ती एकटी असताना विचारायचे. बाहेर विचारले तर तिन्ही रकान्यांत 'नाही' लिहिलं जाईल.